लोखंडाचं पाणी

मोरचुदाची गोणी विहिरीच्या दगडी थारोळ्यावर कुणी ठेवली, यावर वस्तीत पुढं पुष्कळ बोलणं झालं. पण त्या सकाळी ती कडेला लोंबताना पहिल्यांदा पाहिली ती गोजरबाईनं.

मढीची यात्रा नुकतीच होऊन गेली होती. एरवी रंगपंचमीच्या आगेमागे तिसगावच्या रस्त्याला गाड्यांची रीघ असायची. यंदा बैलच कुणाच्या दावणीला राहिले नव्हते. वस्तीवरच्या बाकीच्या विहिरींचे तळ उघडे पडले होते. सहादेव म्हाताऱ्यानं, म्हणजे गोजरबाईच्या सासऱ्यानं, माळाच्या उतरणीला खणलेली ही एकच विहीर गुडघाभर पाणी राखून होती. तिच्यात दोघा भावांची सारखी वाटणी. थोरला कानिफनाथ, गोजरबाईचा नवरा; धाकटा गहिनीनाथ. दुष्काळात मात्र सगळी वस्तीच तिथं पोहरा सोडायची आणि त्याला कुणाची ना नव्हती.

गोजरबाईनं दोन घागरी भरल्या आणि वळताना गोणी पाहिली. मोसंबीच्या बुंध्यांना लेप द्यायला गहिनीनाथानं मोरचूद, तो निळा विषारी क्षार, आणला होता. आदल्या सांजेला लंकेनं, त्याच्या बायकोनं, तो चुन्यात कालवला आणि उरलेली गोणी तिथंच ठेवली. तोंडाचा दोर सुटला होता. शेरडांनी ओढली असावी. निम्मी गोणी दगडाच्या कडेवरून विहिरीवर लोंबत होती.

तिनं ओला हात गोणीला लावला. एक हिसका दिला असता तर ती मागं आली असती. तेवढ्यात तिची नजर समोर गेली.

धाकट्याच्या दारात लंका भिंतीला टेकून बसली होती. तिचा पाय गहिनीनाथाच्या गुडघ्यावर होता आणि तो खाली मान घालून बाभळीचा काटा काढत होता. काढता काढता काहीतरी बोलला आणि लंका तोंडाला पदर लावून हसली. त्यांच्या मागं मोसंबीची बाग. सगळा माळ भाजून काळा पडलेला, आणि तेवढाच तुकडा हिरवागार.

गोजरबाईनं हात मागं घेतला. ‘ज्याचं त्यानं सांभाळावं,’ ती मनाशी म्हणाली. घागर डोक्यावर चढवली, दुसरी कमरेवर घेतली आणि घराकडं निघाली.

ती लग्न होऊन आली तेव्हा गहिनीनाथ रांगत होता. वर्षाच्या आत सासू गेली, आणि पोर तिच्या कमरेवर आलं ते मिसरूड फुटेपर्यंत उतरलं नाही. तिला स्वतःला मूल झालं नाही आणि त्याचं दुःख तिनं फारसं केलंही नाही. गहिनीच्या पायातले काटे तिनं काढले, देवी आल्या तेव्हा कडुलिंबाचा पाला घेऊन उशाशी ती बसली, राहुरीकडची बागायतदाराची मुलगी त्याला तिनंच पसंत केली. लंका आली, आणि दोन पावसाळ्यांत चुली वेगळ्या झाल्या. भांडण असं झालंच नाही. गहिनीला बाग लावायची होती, कानिफनाथाला बाजरी सोडायची नव्हती. पण गोजरबाईच्या मनात एकच होतं: हिनं माझं पोर नेलं.

त्या दिवशी ती आणि कानिफनाथ पाझर तलावाच्या कामावर गेले. गहिनीनाथ तिकडंच खडी फोडायला होता. लंका कामावर येत नसे. झाडं जगवायला घरी राही. भांडी घासलेलं, अंघोळीचं, हात धुतलेलं पाणी ती आळ्याआळ्यानं ओतत फिरे. मातीच्या पाट्या वाहून मानेचा काटा ढिला झाला की गोजरबाईला त्याचीच आठवण यायची. झाडांना सावलीत बसून पाणी घालते राणी.

दुपारी माळावर वावटळ उठली. धुळीचा खांब विहिरीवरून गेला तो कामावरच्या सगळ्यांनी पाहिला, पण कुणाच्या काही मनात आलं नाही. थोड्या वेळानं गहिनीनाथाच्या सुतकीचा, खडी फोडायच्या हातोड्याचा, दांडा मोडला. दुसरा घालायला तो घराकडं गेला. ऊन डोक्यात भिनलेलं. घरापर्यंत जायला धीर नव्हता म्हणून विहिरीवरच पोहरा सोडला आणि तोंड बुडवून चारसहा घोट घटाघट प्यायला. चव कळली तेव्हा ते पोटात गेलं होतं.

तिन्हीसांजेला गोजरबाई परतली तर धाकट्याच्या अंगणात माणसं गोळा झालेली. गहिनीनाथ आत बाजेवर आडवा होता. ओठ निळसर, डोळे खोल गेलेले. बाजेखालच्या राखेत हिरवट ओकारी दिसत होती. तिसगावचा डॉक्टर सुई टोचून, दूध पाजत राहा म्हणून सांगून गेला होता. शेरडीचं पेलाभर दूध लंका चमच्यानं पाजत होती आणि ते पुनःपुन्हा बाहेर येत होतं.

कानिफनाथ विहिरीत उतरून गोणी घेऊन वर आला होता. गोणी जवळजवळ रिकामी. त्याच्या पायांना गुडघ्यापर्यंत निळी झाक आली होती.

“विहिरीवर मोरचूद ठेवायची अक्कल कुनाची?” रंगनाथ म्हणाला. तो वस्तीतला वडीलधारा माणूस. हळू बोलायचा, पण बोललेलं सगळ्यांना ऐकू जायचं.

“माझी,” लंका म्हणाली. चमचा तिच्या हातात तसाच होता.

“सगळ्या वस्तीच्या तोंडचं पानी घालवलं की पोरी.”

“बागायतीतली ना ती,” छबूबाई म्हणाली. “पान्याची किंमत तिला कशी असंल?”

गोजरबाई उंबऱ्यावर बसली. आत जावं असं तिला वाटत होतं. गहिनीच्या कपाळावर हात ठेवावा, त्याचं डोकं मांडीवर घ्यावं. पण बाजेपाशी जागा एकच होती आणि तिथं लंका होती. गोजरबाईनं आपल्या हाताकडं पाहिलं. दिवसभर माती उपसली तरी बोटांच्या पेरांवर आणि नखांत निळसर डाग राहिला होता. तिनं तो हात पदराखाली घेतला.

एखाद्या गड्यानं बायकोला लाथेनं तुडवली असती. गहिनीनाथानं डोळे उघडले आणि लंकेला म्हणाला, “झाडांना न्हाई ना घातलं त्यातलं?”

“न्हाई. पडून ऱ्हावा तुमी.”

बस, एवढंच. पोटात आग पडलेली असताना त्याच्या तोंडून पहिलं निघालं ते तिच्या झाडांचं. गोजरबाईला धास्ती होती, आपण काय केलं याची लाजही होती. पण या सगळ्याच्या वर, तेलासारखा तरंगत, तो जळफळाट होताच. ती उठली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर सगळी वस्ती जमली. पाणी वरून पाहिलं तर मोराच्या मानेसारखं दिसत होतं. रंगनाथ म्हणाला, सगळं उपसून टाकू.

“आन मंग?” कानिफनाथ म्हणाला. “झरा करंगळीएवढा हाय. गुडघाभर पानी साचायला पंधरवडा जाईल. तवर?”

“टँकर हाय की तिसगावच्या फाट्यावर.”

“हाय. आला तर हाय.”

“चुना टाका गोनीभर. मोरचूद तळाला बसंल,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

“बसंल,” लंका म्हणाली. ती मागं, एका बाजूला उभी होती. रात्रभर जागल्यानं तिचा चेहरा उतरला होता. “पर तेवढा चुना पोटात घालून आतडी ऱ्हातील का?”

 तिनं पोहऱ्यातलं पाणी परातीत ओतलं, कमरेचा विळा काढला, पातं दगडावर घासून चकचकीत केलं आणि पाण्यात धरलं. लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. जरा वेळानं तिनं विळा बाहेर काढला. पातं तांबडं झालं होतं, नव्या तांब्याच्या भांड्यासारखं.

“आमचे बापू लेप कालवला की त्यात विळा बुडवायचे,” ती म्हणाली. “पातं तांबडं झालं की म्हनायचे, अजून मोरचूद मोकळा हाय, चुना घाला, न्हाई तर पाला करपंल. म्हंजी मोरचुदातलं तांबं लोखंडाला येऊन चिकटतं. मग लई लोखंड घातलं तर?”

“तर काय?”

“तर समदं चिकटंल. निळं ऱ्हानार न्हाई.”

“आन त्ये पानी आमी प्यायचं?” छबूबाईनं विचारलं.

“आदी मी पिते. तुमी मागून बघा.”

लोक हसले नाहीत, पण पांगले. हंडे-घागरी घेऊन फाट्याकडं निघाले. लंकेनं मात्र घरातलं होतं नव्हतं ते लोखंड बाहेर काढलं. खुरपी, तवा, कुलपाची कडी, मोडका फाळ. एका रांजणात ते सगळं विटेनं घासून टाकलं आणि वर निळं पाणी भरलं. मधूनमधून काठीनं ढवळत राहिली. दुसऱ्या सकाळी रांजणातलं पाणी निळं नव्हतं. पिवळट, गंजासारखं झालं होतं. त्यात विळा धरला तर पातं तसंच पांढरं राहिलं.

हे कानिफनाथानं पाहिलं. तो अबोल माणूस. घरी येऊन त्यानं माळ्यावरची पहार काढली, गाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव काढली, दोन फाळ काढले.

“कुटं चालवलंय?” गोजरबाई म्हणाली.

“तिकडं.”

“तिकडं म्हंजी?”

“लंकीच्या रांजनात. तिसगावच्या लोहाराकडनं लोखंडाचा कीस बी आनतो पाटीभर. त्यो तांबं जास्ती वढतो म्हन्ती ती.”

“म्हन्ती ती. आता तुमी बी तिचंच ऐका.”

कानिफनाथानं धाव खांद्यावर घेतली. “पानी साफ झालंय, अगं. मी बघितलं डोळ्यानं.”

“गोनी कुनी ठेवली व्हती विहिरीवर? तिनंच. आन आता तीच शानी.”

तो तसाच बाहेर पडला. गोजरबाई चुलीपुढं बसली. रेशनवरच्या मिलोची तांबडी भाकरी तव्यावर करपली तरी तिला वास आला नाही. तिला लंका वाईट निघायला हवी होती. हलगर्जी, आळशी, नवऱ्याला घालवणारी. एकदा तरी सगळ्यांनी तिला तशी बघावी म्हणून तिनं विहिरीवर हात मागं घेतला होता की काय, हे तिचं तिलाही नीट कळत नव्हतं. आणि झालं होतं भलतंच.

सांजेला लंका दारात आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“अक्का, एक मागायचं व्हतं.”

“बोल.”

“काहील पायजे. रांजनात चार घागरीच बसत्यात. काहील लोखंडाचीच हाय, तिचा तळ बी तांबं वढंल. हप्ताभरात विहीर निवळंल.”

काहील, उसाचा रस आटवायची भली मोठी कढई, गोठ्यात भिंतीला उभी टेकवलेली होती. सहादेव म्हाताऱ्याच्या काळात या माळाखाली ऊस होता, गुऱ्हाळ चालायचं. वाटणीत काहील थोरल्याकडं आली. ऊस संपला तरी गोजरबाई दर दिवाळीला तिला तेलाचा हात फिरवायची.

“ती मामंजींची खून हाय,” ती म्हणाली. “मोरचुदात घालून सडवायला न्हाई ठिवली.”

“घासून परत देईन.”

“एकदा न्हाई म्हनलं ना.”

लंकेचे हात तिला दिसले. बोटांची टोकं विटेनं सोलपटली होती, तळव्याला फोड फुटलेला. दुसरी एखादी असती तर हात पुढं करून दाखवले असते, दोन टिपं गाळली असती. लंका नुसती “बरं” म्हणाली आणि गेली. तेही गोजरबाईला लागलं. भांडायच्या सुद्धा लायकीचं समजत नाही.

दुसऱ्या दिवशी ती कामावर न जाता हंडा घेऊन तिसगावच्या फाट्यावर गेली. लिंबाखाली बायकांची ही लांब रांग. टँकर आला तो दुपार कलल्यावर. नळी सुटली तशी रांग मोडली. गोजरबाईला कुणाचं तरी कोपर छातीत बसलं, पाय निसटला आणि ती चिखलात गुडघ्यावर पडली. तिच्या अंगावरून बायका गेल्या. शेवटी एका अनोळखी पोरीनं तिचा हंडा नळीखाली धरला तेव्हा धार बारीक झाली होती. हंड्याच्या तळाला कशीबशी दोन तांबे भरतील इतकं पाणी आलं.

“म्हातारे, तुझ्या वस्तीवर इहीर हाय ना?” ती पोरगी म्हणाली. “तिथली बाई लोखंडानं पानी निवळ करती म्हनं. आमच्या गावात बी बोलत्यात.”

गोजरबाईनं हंडा उचलला. तिला कुणी आजवर म्हातारी म्हटलं नव्हतं.

परत येताना चिखल वाळून लुगडं पिंढऱ्यांना घासत होतं. लांबूनच तिला दिसलं, धाकट्याच्या अंगणात माणसं होती. रंगनाथ लोखंडी कुदळी घेऊन आला होता. छबूबाईसुद्धा. लंका मधोमध बसून एकेक तुकडा घासत होती. तांबडी भुकटी तिच्या मनगटापर्यंत उडाली होती. आणि तिचा, गोजरबाईचा नवरा तिला विटा फोडून देत होता.

ती वळणानं, कुणाला दिसणार नाही अशी, मागच्या बाजूनं घरात शिरली.

गहिनीनाथ दुसऱ्या दिवशी काठी टेकत तिच्या दारात आला. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच. गालांची हाडं वर आली होती. गोजरबाई धडपडून उठली, घोंगडं अंथरलं, त्याला बसवलं. त्याच्या आवडीचं हुलग्याचं माडगं करायला चूल पेटवू लागली. तिला वाटलं, आता हा मागेल. ‘वैनी, काहील दे,’ म्हणेल. लहानपणी गुळाचा खडा मागायचा तसा पदर ओढून मागेल. मग ती थोडं ओरडणार होती, थोडं रडणार होती, आणि देणार होती. त्याच्यासाठी. लंकेसाठी नाही.

“वैनी, चूल नका पेटवू,” तो म्हणाला. “मी सांगाया आलो. लंकीनं तुमच्याकडं काहील मागितली म्हनं.”

“व्हय.”

“तिला मी रागं भरलो. म्हनलं, वाटन्या झाल्यात. त्यांचं ते त्यांचं. पुन्हा मागायला जायाचं न्हाई. तुमी मनात धरू नका.”

गोजरबाईनं फुंकणी चुलीपुढं ठेवली.

“येतो मी,” तो म्हणाला आणि काठीवर भार देत उठला. दारातून जाताना वाकून चौकट धरली. त्या चौकटीला धरून तो उभं राहायला शिकला होता.

त्यांचं ते त्यांचं. गोजरबाईनं चुलीतली लाकडं मागं ओढली. लंकेनं त्याला तोडून नेला असं ती इतकी वर्षं म्हणत आली होती. पण लंका मागायला आली होती, आणि दार गोजरबाईनं लावलं होतं. तो आता पाहुण्यासारखा आला, पाहुण्यासारखा बोलून गेला.

कानिफनाथ जेवायला आला तेव्हा ती गोठ्यात होती. काहिलीपुढचे सरपणाचे भारे तिनं एकटीनं ओढून बाजूला केले होते.

“धरा,” ती म्हणाली.

त्यानं विचारलं नाही. दोघांनी काहील कडेवर उभी केली आणि चाकासारखी ढकलत अंगणाबाहेर काढली. उतारावर ती हातातून सुटू बघत होती. गोजरबाईनं दोन्ही हातांनी कड धरली. तापलेल्या पत्र्यानं तळवे भाजत होते. धाकट्याच्या अंगणात काहील आडवी पडली तेव्हा घंटेसारखा आवाज झाला आणि लंका घरातून बाहेर आली.

गोजरबाईनं खाली बसून विटेचा तुकडा घेतला आणि काहिलीचा तळ घासायला लागली. लंका समोरच्या बाजूला बसली. कानिफनाथ लोहाराकडचा कीस आणायला निघून गेला. दुपारचं ऊन, पत्र्यावर विटांची खरखर तेवढी ऐकू येत होती.

“लंके,” गोजरबाई म्हणाली. “ती गोनी...”

“ऱ्हाऊ द्या, अक्का.”

“तुला ठावं न्हाई.”

“ठावं हाय. ह्यांना झालं त्या सांजंला तुमी उंबऱ्यावर बसला व्हता. हात पदराखाली घ्यायच्या आदी तुमची बोटं दिसली मला. निळी व्हती.”

गोजरबाईचा हात थांबला. लंका घासत राहिली.

“मंग बोलली का न्हाईस? समदी तुला बोलत व्हती.”

“गोनी ठेवली मीच व्हती. दोर बांधायचा मीच इसरले. त्यात काय खोटं व्हतं?” ती थांबली. “आन तुमचं नाव निघालं असतं तर ह्यांनी औषद सुदीक घेतलं नसतं. आमच्या घरात जेवताना तुमी असता, अक्का. वैनीची आमटी अशी, वैनीची भाकरी तशी. मी आट वर्सं झाली रांधती, पर अजून एकदा बी ‘वैनीसारकं झालं’ म्हनाले न्हाईत. राग यायचा मला. वाटायचं, ही बाई माज्या घरातनं जाती कवा.”

तिनं हे वर न बघता, सगळं एका सुरात सांगितलं.  गोजरबाईला वाटलं होतं, त्या घरातून आपण कधीच पुसून गेलो.

“मला त्यो काई सांगत न्हाई,” ती म्हणाली.

“तुमाला कसं सांगतील? मला सांगत्यात.”

दोघी घासत राहिल्या. काहिलीचा तळ हळूहळू पांढरा पडला.

काहील पाण्यानं भरली. तिच्यात वस्तीचं लोखंड पडलं आणि वर पाटीभर कीस पसरला. लोखंडावर तांबडी साय धरली की बायका ते काढून घासायच्या आणि परत टाकायच्या. निळं उतरून पाणी पिवळं झालं की रांजणात काढायचं, चिमूटभर चुना टाकून गाळ बसू द्यायचा, मग कोळसा आणि धुतलेली वाळू भरलेल्या गाडग्यातून थेंबथेंब गाळायचं. गोजरबाईनं गाडगी लावायचं काम आपल्याकडं घेतलं आणि लंकेला त्यात हात घालू दिला नाही. “तुझी वाळू नीट धुतलेली नसती,” ती म्हणायची. लंका म्हणायची, “मंग तुमीच धुवा.” दोघींचं असं चालायचं आणि रंगनाथ दुरून ऐकायचा.

पहिला रांजण गाळून झाला तेव्हा लंकेनं त्यात विळा धरला. पातं पांढरं राहिलं. शेरडीला पाणी पाजलं. शेरडी प्यायली, जरा वेळानं रवंथ करायला लागली.

“शेरडीचं काय,” रंगनाथ म्हणाला. “ती रुईचा पाला बी खाती.”

माणसं घागरी घेऊन उभी होती. पुढं कुणी येईना. गहिनीनाथ बाजेवर बसून बघत होता. लंकेनं तांब्या भरला. पाणी निवळ होतं, तळाला किंचित पिवळी झाक. ती तांब्या तोंडाशी नेणार तोच गोजरबाई पुढं झाली. भीती होतीच, पण नुसती भीती नव्हती. ही पिणार, आणि उद्या मुलूखभर हिचंच नाव. यातही हीच पुढं.

तिनं लंकेच्या हातातून तांब्या घेतला.

“थोरली मी हाय,” ती म्हणाली आणि वरून धार धरून अर्धा तांब्या प्यायली.

विळ्याचं पातं चाटावं तशी चव होती. घशातून खाली गेलं, पोटात पडलं. सगळे तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तिनं पदरानं ओठ पुसले.

“लोखंडाचा वास मारतोय,” ती म्हणाली. “पर पानी हाय.”

लंकेनं तांब्या घेऊन उरलेलं पाणी पिऊन टाकलं. दोघी काहिलीच्या कडेला टेकून बसल्या. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. काही झालं नाही. छबूबाईनं आपली घागर पुढं सरकवली, तिच्यामागून बाकीच्यांनी.

गहिनीनाथ बाजेवरून उठून आला. काठी बाजूला टाकून गोजरबाईपुढं उकिडवा बसला आणि तिचा हात हातात घेतला. तळव्यावर भाजल्याचे फोड होते.

“वैनी, मळमळतंय का?” त्यानं विचारलं. “खरं सांग. पोटात आग पडल्यावानी काय?”

कितीतरी वर्षांनी तो तिच्याशी एकेरीत बोलत होता. गोजरबाईनं त्याच्या खांद्यावरून पाहिलं. लंका रिकामा तांब्या धरून बसली होती आणि त्या दोघांच्या हातांकडं बघत होती. ती नजर गोजरबाईला लांबूनही ओळखू आली असती; इतकी वर्षं ती तिच्या स्वतःच्या डोळ्यांत होती.

तिनं आपला हात सोडवून घेतला.

“मला काय धाड भरलीय,” ती म्हणाली. “तिला इचार. पानी तिनं बी पेलंय, आन सकाळपासनं तिच्या पोटात भाकरीचा तुकडा न्हाई.”